लाल प्लेटवरच्या बारक्या

“मॅडम, प्लेटा गेल्या की ओ सगळ्या.”

शुक्रवारी सकाळी लॅबचं दार उघडलं तर एमएस्सीची माझी विद्यार्थिनी आधीच येऊन बसली होती. समोर सहा प्लेटांची, म्हणजे यीस्ट वाढवायच्या चपट्या बशांची चळत, हातात मार्कर, चेहरा उतरलेला. चार दिवसांपूर्वी पसरलेलं यीस्ट छान लाल झालं होतं. पण त्या लाल कॉलन्यांच्या, म्हणजे पेशींच्या ठिपक्यांच्या, मधेमधे पांढऱ्या, राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या कॉलन्या उठल्या होत्या. एकदोन नव्हेत, पुष्कळ.

“हवेतलं काहीतरी पडलंय. टाकून देऊ का?”

आमच्याकडचं हे यीस्ट पावाचंच, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. फक्त त्याचा एक जनुक बिघडलेला आहे. डीएनएचा एक घटक असलेलं अ‍ॅडेनीन बनवण्याची साखळी मधेच अडते, अडलेला माल पेशीच्या पिशवीत साठतो आणि लाल पडतो. पावाच्या पिठातलं यीस्ट सायीसारखं दिसतं, आमचं डाळिंबाच्या दाण्यासारखं. विद्यार्थ्यांना जनुक ‘दिसावा’ म्हणून मी हा वाण जपते.

प्लेटा टाकू नकोस म्हटलं, कारण मला शनिवारची रात्र आठवली. मे महिन्याचा दुसरा आठवडा. संध्याकाळी हिनं फ्लास्कमध्ये यीस्ट लावलं, बीओडी इनक्युबेटर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारं कपाट, ३० अंशांवर ठेवला आणि आम्ही घरी गेलो. रात्री भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज आली ती सोमवारी सकाळी. आमची लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली. सोलापूरच्या मे महिन्यात ती खोली रात्रीसुद्धा निवत नाही. सोमवारी बीओडी उघडला तर आतला थर्मामीटर ३९ दाखवत होता. फ्लास्क मात्र ताकासारखा गढूळ झाला होता, म्हणजे यीस्ट वाढलं होतं. प्लेटा ओतून तयारच होत्या, म्हणून तेच पातळ करून पसरलं. लाल रंग चढायला तीन-चार दिवस लागतात, तेवढे थांबलो.

“मोज आधी,” मी म्हटलं.

एका प्लेटवर १४३ कॉलन्या भरल्या, त्यातल्या ३८ पांढऱ्या. तिच्या जुन्या वहीत हाच आकडा शंभरात एखाददुसरा असायचा. मग एक पांढरी कॉलनी लूपनं उचलून तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लांबट गोल पेशी, कुणाच्या कडेला कोंब फुटलेला, कुणाचा कोंब सुटायच्या बेतात. जिवाणू एकही नाही. यीस्टच, नुसतं पांढरं आणि लहान.

“मग ह्या बारक्या कशानं राहिल्या?”

बारक्या. तिच्या तोंडून हा शब्द सहज गेला, पण माझ्या अंगावर काटा आला. १९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच यीस्टमधल्या अशाच खुज्या कॉलन्यांचं वर्णन केलं. त्यांनी नाव दिलं ‘पेतीत’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बारकी. अ‍ॅक्रिफ्लेविन नावाचं रंगद्रव्य घातलं की जवळजवळ सगळं यीस्टच बारकं व्हायचं. आणि हा दोष केंद्रकातल्या जनुकांच्या नेहमीच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरायचा नाही. पुढे कळलं की बिघाड तंतुकणिकेतल्या डीएनएत आहे. पेशीचं श्वसन जिथं चालतं तिथंच एक छोटा डीएनए असतो, तो तुटला किंवा पार गेला की पेशी श्वास घ्यायची थांबते. जास्त तापमानात वाढवलं तरी हेच घडतं.

माणसाची पेशी असं झाल्यावर सहसा तग धरत नाही. यीस्ट धरतं, कारण त्याला आंबवून जगता येतं. ही एक सवलत आहे म्हणून तर तंतुकणिकेबद्दल इतकं काही शिकता आलं.

पण कॉलनी बारकी का? यावर मी तिला फळ्याजवळ नेलं, कारण इथंच मुलं चुकतात. ग्लुकोज भरपूर असेपर्यंत यीस्ट हवा असली तरी बहुतेक आंबवतच राहतं आणि अल्कोहोल सोडतं. ग्लुकोज संपलं की तेच अल्कोहोल प्राणवायूनं जाळून पुन्हा वाढतं. लाल कॉलनीचं दुसरं जेवण ते. बारकीला ते जेवण पचत नाही, ती पहिल्या ताटावरच थांबते. शिवाय तो लाल रंग धरायलाही श्वसन लागतं, म्हणून ती पांढरी. यीस्टच्या कारखान्यात मळीच्या टाकीत रात्रंदिवस हवा का सोडतात आणि मळी थोडी थोडी का घालतात, तेही तिला त्या फळ्यावरच उमगलं. तिथं अल्कोहोल नको असतं, यीस्ट हवं असतं, आणि श्वास घेणारं यीस्टच भरभरून वाढतं.

“पण मॅडम, हवेतलंच दुसरं यीस्ट नसंल कशावरून?”

प्रश्न चोख होता. मी सांगायच्या आत तिनंच विचार केला: आपल्या यीस्टला अ‍ॅडेनीन आयतं लागतं, परक्याला लागणार नाही. मग दोन प्लेटा ओतायच्या. एकीत अ‍ॅडेनीनच नाही. दुसरीत अ‍ॅडेनीन आहे, पण साखरेऐवजी ग्लिसरॉल, जे श्वसनाशिवाय वापरता येत नाही.

जुन्या प्लेटवरच्या कॉलन्या त्याच जागी नव्या प्लेटांवर उतरवायला मखमलीनं ठसा घ्यावा लागतो आणि आमच्याकडची मखमल विटलेली होती. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत, कापडातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुपारी नवी पेठेतून आखूड, दाट लवेची मखमल घेऊन आली. “लांब लव असली की ठसा फिसकटंल.” तुकडे ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक केले, लाकडी ठोकळ्यावर ताणून बांधले. जुनी प्लेट हलक्या हातानं मखमलीवर टेकवली, उचलली, मग त्याच खुणेवर नव्या प्लेटा एकामागून एक टेकवल्या. श्वास रोखून करायचं काम. तिचा हात एकदाही हलला नाही.

सोमवारी प्लेटा काढल्या. अ‍ॅडेनीन नसलेली कोरी, लाल नाही की पांढरी नाही. परकं कुणी आलंच नव्हतं. ग्लिसरॉलच्या प्लेटवर, जिथं जिथं लाल कॉलन्या होत्या तिथं तिथं, कॉलन्या उठल्या होत्या. तिनं जुनी प्लेट खाली धरली, नवी वर, खिडकीच्या उजेडात खुणा जुळवल्या आणि एकेका रिकाम्या जागेवर मार्करनं टिंब देत गेली. पांढरी, मोकळी. पांढरी, मोकळी. अडतीस टिंबं झाली तेव्हा मोजणी थांबली. एकही चुकलं नव्हतं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग वहीत शनिवारच्या तारखेपुढे लिहिलेलं ‘खराब’ खोडलं आणि तिथं ‘३९ अंश, वीज नाही’ असं लिहिलं.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिनं तीन फ्लास्क लावले होते, ३०, ३५ आणि ३९ अशा चिठ्ठ्या चिकटवून. शेजारच्या विभागाचे दोन इनक्युबेटर मागून घेतले होते. तिसरा आमचा बीओडी. त्याचा आकडा ती स्वतः ३९ वर नेत होती.