टू-नाईनवरचं गवत

लंडनच्या उत्तरेला पॅनशँगर नावाचा छोटा विमानतळ होता, तिथे डांबरी रनवे नव्हताच, नुसतं गवत. २०१३ च्या उन्हाळ्यात मी लंडनमधली नोकरी सांभाळून दर शनिवारी वेल्विन गार्डन सिटीची ट्रेन पकडून तिथे विमान शिकायला जायचो, सकाळचा पहिला स्लॉट असला की दवाने बूट-मोजे पार ओले व्हायचे. सेसना १५२ च्या पंखाखालचा ड्रेन दाबून थोडं पेट्रोल छोट्या नळीत काढायचं आणि उजेडात धरून बघायचं, फिकट निळं दिसलं पाहिजे, पाणी असेल तर तळाशी थेंब वेगळा दिसतो. मला हे काम इतकं आवडायचं की इन्स्ट्रक्टर घड्याळाकडे बघायला लागायचा.

जागेचा इतिहास मला नंतर कळला. दुसऱ्या महायुद्धात जवळच हॅटफिल्डला डी हॅविलँड कंपनीचा विमानांचा कारखाना होता, मॉस्किटो हे लढाऊ विमान तिथलंच, तर जर्मन बॉम्बर चकावेत म्हणून इथल्या शेतात खोटा कारखाना उभा केला होता, खोट्या विमानांसकट! तरी ऑक्टोबर १९४० मध्ये खऱ्या कारखान्यावर बॉम्ब पडलेच, २१ माणसं गेली. मग १९४२ ला हॅटफिल्डचं ट्रेनिंग स्कूल इथे हललं आणि टायगर मॉथ या शिकाऊ विमानावर शिकणारी पोरं आली. इथलं शिकणं संपलं की पुढचं ट्रेनिंग, आणि मग युद्ध. मी पस्तिशीत हौसेखातर शिकत होतो आणि त्याच गवतावरून उडत होतो, याचं मला फार वाटायचं, अजूनही वाटतं.

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडायच्या दिवशी तीन सर्किट (उडायचं, फील्डभोवती एक फेरी, परत उतरायचं) झाल्यावर इन्स्ट्रक्टरने विमान जमिनीवरून चालवत नेताना मधेच थांबायला सांगितलं, हेडसेट काढला, बेल्ट नीट बांधून ठेवला, म्हणाला एकच सर्किट मारून ये, आणि चालायला लागला. पॉवर दिली तर विमान एवढ्या लवकर उचललं गेलं की मी दचकलोच, एका माणसाचं वजन कमी झालेलं ना. बाजूची सीट रिकामी आणि मी मोठमोठ्याने चेक्स म्हणतोय. लँडिंगला एक छोटी उडी बसली, गवताने सांभाळून घेतलं. संध्याकाळी सांगलीला आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "अरे मग रस्ता कोण सांगत होतं?"

सप्टेंबर २०१४ मध्ये फील्ड बंद झालं. घरं बांधायची म्हणून धावपट्टी जाणार हे ऐकून जे वाटलं ते लिहिता येत नाही मला. ७० वर्षांहून जास्त काळ लोक तिथे हवेत जायला शिकत होते हो.

दोन वर्षांनी एकदाच गेलो. गवत गुडघाभर वाढलेलं, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक नाही, रनवे कुठून सुरू व्हायचा तेही पटकन कळेना. सवयीने चिमूटभर गवत उपटून हवेत सोडलं. वारा पश्चिमेचा होता, टू-नाईनच, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उडायची धावपट्टीच, वापरली असती.