आमची वाटचाल: 'माल गेला' म्हणजे नक्की काय?

२०१६ ला इचलकरंजीत दोघांनी मिळून चालू केलं, कापड व्यापाऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचो. मग जीएसटी आला, माल वाहतुकीचं ई-वे बिल आलं, सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल म्हणजे ई-इन्व्हॉइस आलं, आणि एकाच पेढीत बिलिंग वेगळं, गोडाऊनचा स्टॉक वेगळा, ट्रान्सपोर्टचं वेगळं असं झालं, ते सगळं एकमेकांशी जोडायची कामं आमच्याकडे यायला लागली.

एका पेढीत जोडून दिलं आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळ. गोडाऊनवाले गाठी बांधून दाराशी ठेवल्या की 'माल गेला' टाकायचे, अकाउंटवाल्यांचा माल गाडी गेटबाहेर पडली की जायचा. गोडाऊनचा निरोप आला तसं आमच्या प्रोग्रॅमने ई-इन्व्हॉइस काढलं, गाडी आलीच नाही, तिसऱ्या दिवशी ऑर्डर रद्द. ई-इन्व्हॉइसला पोर्टलवरून मिळालेला नंबर, आयआरएन, २४ तासांच्या आतच रद्द होतो, मग त्या बिलाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट काढावी लागली. कोड बरोबर होता, आम्ही शब्दच चुकीचा धरला होता. फार लागलं ते मनाला.

त्यानंतर बीपीएमएनची, म्हणजे कामाचा क्रम चौकटी-बाणांनी दाखवणारी, चित्रं दाखवून बघितली, सगळ्यांनी माना हलवल्या पण समजलं कुणालाच नाही. मग ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं एसबीव्हीआर वाचलं, धंद्यातले शब्द आणि नियम कसे लिहायचे याचं २००८ चं स्टँडर्ड आहे, आधी शब्दांचे अर्थ पक्के करायचे आणि नियम ठरावीक साच्यातल्या साध्या वाक्यांत लिहायचे. त्यातली उदाहरणं इंग्रजी, आम्ही साचे मराठीत पाडले, आणि जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत या जोड्या या कामाला इतक्या चपखल बसतात की काय सांगू.

"जोपर्यंत ट्रान्सपोर्ट गाडी नंबर कळवत नाही, तोपर्यंत बिलिंगने ई-इन्व्हॉइस काढायचं नाही." खाली लगेच, "४ तासांत नंबर आला नाही तर बिलिंगने गोडाऊनला 'थांबा' कळवायचं, ऑर्डर रद्द करायची नाही." कोणी, कोणाला, काय, किती वेळात हे प्रत्येक वाक्यात हवंच, आणि उत्तर आलं नाही तर काय हे तर सगळ्यात महत्त्वाचं, तेच लोक लिहायचं विसरतात.

हा कागद दिवाणजींनी वाचला आणि म्हणाले, अहो गाठी रात्री ११ ला भरतात, तेव्हा ट्रान्सपोर्टचं ऑफिस बंद, नंबर ड्रायव्हरच सांगतो. कोडची एक ओळ लिहायच्या आधी नियम बदलला. आता दिवाणजींची सही झाल्याशिवाय आम्ही काम चालू करत नाही, आणि टेस्टिंगही त्याच वाक्यांवरून करतो.

सध्या एका नव्या पेढीत 'परत' या शब्दावर अडलोय. डागी कापड आलं तरी परत, न उघडलेली गाठ आली तरी परत, पण स्टॉकला जमा होते ती फक्त गाठ.