चोक आत ढकलायची वेळ

रविवार, रात्री उशिरा

आज आजोबांची जुनी गाडी काढली. मधे तीन आठवडे गेले होते, म्हणजे माझ्या हिशेबाने एक आठवडा जास्तच.

इतके दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल उडून जातं. मग नुसता स्टार्टर मारत बसलं तर बॅटरी दमते, गाडी काही दाद देत नाही. बॉनेट उघडून पेट्रोलपंपाची छोटी दांडी हाताने वरखाली करायची, पंधरा-वीस वेळा. वाटी भरली की दांडीचा जोर लागेनासा होतो. बोटांना ते कळतं. मग चोक, म्हणजे थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त देणारी खुंटी, पूर्ण बाहेर, आणि मगच स्टार्टर. दुसऱ्या फेरीला लागली. आधी एकाच सिलिंडरवर कुरकुरली, मग बाकीचे तीन जागे झाले.

कालच दादाचा फोन होता. त्याचं जुनंच टुमणं: आजोबांनी १९५८ साली घेतलेली गाडी तू भाजी आणायच्या गाडीसारखी काय फिरवतेस, व्हिंटेज आहे, झाकून ठेव, प्रदर्शनापुरती काढ. (काटेकोर ब्रिटिश वर्गीकरणात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. आपली त्या मानाने पोर आहे. पण हे दादाला कोण सांगणार.) जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, व्याख्याही त्याने ऐकवली: वाहन किमान तीस वर्षांचं हवं, मूळ स्वरूपात जपलेलं हवं आणि रोजच्या वाहतुकीसाठी वापरात नसावं. शेवटच्या अटीवर त्याचा विशेष जोर होता.

बरं, रोज मीही नेत नाही. पण झाकून ठेवलेल्या गाडीचं काय होतं ते मी पाहिलंय. बाबा गेल्यानंतर दोन वर्षं ती आच्छादनाखालीच होती. बाहेरून देखणी. आत मात्र ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा ओढून घेतला होता, चाकांमधले ब्रेक सिलिंडर गंजून घट्ट बसले होते, टायर खालच्या बाजूला चपटे झाले होते आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून लाखेसारखा थर धरला होता. चालवून झिजते ती गाडी दुरुस्त होते. ठेवून सडली की दिसतसुद्धा नाही, आणि आपण मात्र जपल्याच्या समाधानात.

त्या वेळी कार्बोरेटर मी स्वतः खोलला. बाबांचा एक नियम पक्का डोक्यात होता: जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा अडकला तर फुंकर मारायची, तार घालायची नाही. तारेने भोक कणभर मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. बर्था बेंझ १८८८ साली दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन गेली, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली होती. तिला माफ. ती नळी होती, जेट नव्हे.

पेट्रोलचीही आता वेगळीच कटकट. या इंजिनाचा जन्म शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातला. ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकींचं संरक्षण करायचं. माणसांच्या प्रकृतीला ते घातक होतं, गेलं ते उत्तमच झालं. २०२१ मध्ये अल्जीरियात त्याची विक्री थांबली आणि जगातल्या गाड्यांमधून ते संपलं. आम्ही कडक धातूच्या बैठकी बसवून घेतल्या. इथेनॉल मात्र जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्या बदलल्या. दादाच्या ‘मूळ स्वरूपा’ला एवढा धक्का मी खुशाल दिलाय.

एक गोष्ट सोडून. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, खालच्या रबरी मॅटला एक खड्डा आहे. टाचेएवढा, कडा झिजून पातळ झालेल्या. तिथे आईचा उजवा पाय असायचा. बाबा गाडी चालवायचे आणि आई चाळीस वर्षं तिथे नसलेला ब्रेक दाबायची. गाडीचं काम काढलं तेव्हा मॅट नवी टाकू म्हणाले सगळे. मी हात लावू दिला नाही.

आज आईला घेऊन गेले. बऱ्याच दिवसांनी बसली. बसल्याबसल्या तिने डोळे मिटले, मला वाटलं झोपली. पहिल्या वळणानंतर म्हणाली, “अगं, चोक आत कर की. किती जड आवाज येतोय.”

खरंच, मी विसरले होते. इंजिन तापलं होतं आणि गाडी गुरगुरत काळा धूर सोडत होती. मी चोक आत ढकलला, आवाज मोकळा झाला. आईने डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

आई आयुष्यात कधी स्टिअरिंगला बसलेली नाही. पुढे चढाला गाडी दमायला लागली आणि मी अजून विचारच करत होते, तोवर शेजारून आलं, “टाक आता.” आमच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय, नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. जमलं तर लोण्यासारखा बसतो, चुकलं तर दात खातो. आज जमलं. आई “हं” म्हणाली, बाबांसारखंच, नाकातून.

मी समजत होते की बाबांचा कान माझ्याकडे आलाय. नव्या गाडीत काही बिघडलं की दिवा लागतो, मी पत्र वाचावं तसा तो वाचते आणि गाडी कुणाच्या तरी हवाली करते. या गाडीत ऐकावं लागतं, म्हणून मी स्वतःला तयारीची समजायचे. आज कळलं, तयार कान शेजारच्या सीटवर बसला होता आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर कप्प्यातली वही काढली. बाबांच्या नोंदी एका ओळीच्या: तारीख, मीटरचा आकडा, पेट्रोल, शेरा. ‘पॉइंट साफ केले, गॅप ०.४.’ ‘पावसात वायपर बंद, हाताने चालवला.’ ‘सगळे खूश.’ मी तारीख टाकली, आकडा टाकला आणि शेऱ्यापाशी थांबले. “काय लिहू?” म्हणून आईला विचारलं.

“लिही, चोक उशिरा आत केला.”

लिहिलं. खाली माझं एक जोडलं: उतारावर आईने दोनदा ब्रेक दाबला.