'वाहन क्रमांक' भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही: पोरांना घेऊन तारकर्ली ते भोगवे, चालत

गाडी नसलेल्या माणसानं समुद्रकाठची झोपडी बुक करू नये असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण बुकिंगच्या फॉर्मात 'वाहन क्रमांक' नावाचा रकाना असतो, त्याच्या शेजारी लाल चांदणी असते, आणि तो भरेपर्यंत खालचं 'पुढे' हे बटण करड्याचं निळं होत नाही. माझा निम्मा हिवाळा त्या बटणाकडं बघण्यात गेला.

बेत साधा होता. कोल्हापूरहून एसटीनं मालवण, तिथं मुक्काम. सकाळी तारकर्लीच्या वाळूवरून चालत देवबागच्या टोकाला, कर्ली खाडी होडीनं ओलांडून भोगवे, रात्री तिथंच बांबूच्या झोपडीत. दुसऱ्या दिवशी निवतीचा किल्ला बघून परत. बरोबर नवरा, माझी दोन पोरं आणि भावाची मुलगी. पन्हाळा आणि जोतिबा पोरांना आता पाठ झालेत, वाळूवरून चालत कुठल्या गावाला जाता येतं हे त्यांना खरंच वाटत नव्हतं.

तारीख ठरवताना सगळे आधी शनिवार बघतात. समुद्र शनिवार मानत नाही. देवबागला किनारा धुपून जातो म्हणून दगडी बंधारा घातलाय, भरतीला काही ठिकाणी पाणी थेट त्या दगडांना लागतं. पोरांना घेऊन त्या शेवाळलेल्या दगडांवरून जाणं मला मान्य नव्हतं. म्हणजे ओहोटी हवी, आणि तीही सकाळची. याचं गणित भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं: तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनला, आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमाराला, ओहोटी. अर्धापाऊण तास इकडंतिकडं धरायचा. पौर्णिमेला हेच करून बघा, ओहोटी पहाटे पाचला येते, तेव्हा अंधार. अष्टमीला भर दुपारी बाराला. चतुर्थीच बरी, आणि ती पडत होती गुरुवारी. शाळेला चिठ्ठी दिली, बाईंनी काही विचारलं नाही.

आता झोपडी. बुकिंगचं ऑफिस एका शहरात, झोपड्या भोगव्याला, आणि दोघांच्या मधे एक फॉर्म. त्या रकान्यात मी 'नाही' लिहून बघितलं, शून्यं टाकून बघितली. शेवटी फोन लावला.

"मॅडम, गाडी नंबर नसेल तर सिस्टीम घेत नाही."

"गाडीच नाही ओ आमच्याकडं."

"मग ट्रॅव्हल्सनं येणार का? त्यांचा नंबर टाका."

"आम्ही चालत येणार."

"कुठून?"

"तारकर्लीहून."

पलीकडं जरा थांबून, "मॅडम, तारकर्लीहून रस्त्यानं फार वळसा आहे."

"रस्त्यानं नाही. किनाऱ्यानं. मधे होडी."

"होडीचा नंबर आहे का?"

हा प्रश्न त्यानं चेष्टेत विचारलेला नव्हता. आवाजावरून कळत होतं, बिचाऱ्याला तो रकाना खरोखरच भरून हवा होता.

मी माझ्या स्कुटीचा एमएच ०९ नंबर टाकला. बटण निळं झालं. पुढच्या पानावर नवा नियम: एका झोपडीत दोन मोठे आणि एकच मूल. आमची पोरं तीन. म्हणजे दोन झोपड्या, आणि दुसऱ्या झोपडीसाठी फॉर्म परत पहिल्यापासून. त्यात स्कुटीचा नंबर टाकला तर लाल अक्षरात उत्तर, 'हा क्रमांक आधीच वापरात आहे.' पुन्हा फोन. या वेळी दुसरा माणूस. त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, चालणं, होडी, पोरं. तो म्हणाला, "मग मिस्टरांच्या गाडीचा टाका की." मिस्टरांचीही तीच स्कुटी.

शेवटी जिन्याखाली धूळ खात पडलेली सासऱ्यांची जुनी स्कूटर कामी आली. नंबरावरची माती पुसून वाचला, टाकला, आणि पैसे भरायचं पान उघडलं. त्यात दोन वाहनांचं पार्किंग, प्रत्येकी 100 रुपये, आपोआप चढवलेलं. ते काढायची सोय नाही. मेल केला, तर उत्तर आलं, वाहन न आणल्यास पार्किंग शुल्क परत मिळत नाही. अजूनही हे वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, दोनशे रुपयांत विषय सोड. सोडत नाही.

भोगव्याला पोचलो तर जांभ्याच्या गडग्याजवळ खडूनं दोन चौकोन आखलेले, त्यात आमचे दोन्ही नंबर लिहिलेले. पोरांनी ओल्या सॅंडल काढून स्कुटीच्या चौकोनात ओळीनं वाळत घातल्या, आणि सासऱ्यांच्या चौकोनात सापडलेले शिंपले मांडले. तिथं राखणीला असलेले काका बघून हसले. "थेट माका फोन करूचो होतो. गाडी कित्याक होयी?" बारा वाजता खोली मिळेल असं फॉर्मात दटावून लिहिलं होतं, त्यांनी साडेदहालाच दार उघडलं. रात्री एक जादा गादी दिली, पाचही जण एकाच झोपडीत झोपलो, दुसरीत नुसत्या पिशव्या.

तेव्हा पहिलं काम हे करा: जागेवरच्या माणसाचा नंबर मिळवा. आम्हाला तो देवबागच्या होडीवाल्यानं दिला, पण पैसे भरून झाल्यावर. होडी आधी ठरवा, झोपडी नंतर.

होडीवाल्याला ठरवतानाच विचारायचं, लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात ते कानावर येतं आणि पोर खालून निसटतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळू उघडी पडते, गुडघाभरच पाणी आहे असं वाटतं. त्यात उतरायचं नाही. खाडीचं पाणी तिथनंच जोरात बाहेर ओढलं जातं. होडीवाला थांबा म्हणाला तर थांबायचं. आणि पावसाळ्यात या होड्या बंद असतात, मे अखेरनंतर हा बेतच काढू नका.

निघायचं ओहोटीच्या दीडदोन तास आधी, म्हणजे चालता चालता किनारा रुंद होत जातो. पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू धरा. वरच्या कोरड्या वाळूत पोरं दहा मिनिटांत बसकण मारतात. पायात पट्ट्याच्या सॅंडल. भाचीनं हट्टानं कोल्हापुरी घातली होती, खाऱ्या पाण्यानं तिचं कातडं पापडासारखं झालं. खाण्याला भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. भडंगाचा डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर वाळूसकट खावा लागतो.

संकष्टी होती म्हणून माझा उपास. चंद्रोदय नऊनंतर. पोरं समुद्राकडं तोंड करून बसली, चंद्र येईना. किनारा पश्चिमेला, चंद्र मागनं माडांतून वर आला, तेही राखणीच्या काकांनी दाखवलं तेव्हा. मग भात, सोलकढी. बांगडे माझ्या वाट्याला दुसऱ्या दिवशी आले.

एसटीचं आधी सांगायचं राहिलं. पाच ते बारा वयाच्या पोरांना हाफ, आणि मार्च 2023 पासून बायकांनाही हाफ, त्यामुळं आमच्यात फुल तिकीट एकट्या नवऱ्याचं. राधानगरी, फोंडा घाटमार्गे गेलात तर पोरांना उलटीची गोळी घाट लागायच्या आधी द्या, दाजीपूर आल्यावर देऊन उपयोग नाही. परतीला निवतीहून परुळ्यापर्यंत रिक्षा, तिथून कुडाळ, आणि कुडाळहून कोल्हापूर. परुळ्याच्या गाडीची वेळ आदल्या रात्रीच काकांना विचारून ठेवा आणि रिक्षाही त्यांनाच सांगायला लावा.