तुम्ही विचारलंत म्हणून: रणादित्याची ३०० वर्षं

‘राजतरंगिणी हा इतिहास आहे की नुसत्या गोष्टी?’ राजतरंगिणी म्हणजे कल्हणाने संस्कृत श्लोकांत लिहिलेला काश्मीरच्या राजांचा ग्रंथ. संस्कृत शिकवणाऱ्या आणि त्यातही कल्हणाचं वेड असलेल्या बाईला हा प्रश्न चुकत नाही. वाचनवर्गात विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणारे दोन तऱ्हेचे. एकाने कुठेतरी वाचलेलं असतं की त्या ग्रंथात ३०० वर्षं राज्य करणारा रणादित्य नावाचा राजा आहे. त्याचा सूर, ‘असल्या पोथीला इतिहास काय म्हणता?’ दुसऱ्याला काश्मीरची वंशावळ थेट पांडवांपासून सलग हवी असते. त्याचा सूर, ‘लिहून ठेवलंय ना, मग झालं तर!’ एकाला पोथी रद्दीत घालायची आहे, दुसऱ्याला देव्हाऱ्यात. उघडायची दोघांनाही नाही. उत्तर दोघांना एकच आहे, पण मठ्ठा येईपर्यंत संपेल असं नाही, म्हणून लिहूनच टाकते.

कल्हणाने शके १०७० मध्ये, म्हणजे इ.स. ११४८ साली, ग्रंथ लिहायला घेतला आणि पुढच्या वर्षी हातावेगळा केला. आठ तरंग, म्हणजे सर्ग, आणि ७८०० हून जास्त श्लोक. वडील चंपक हे काश्मीरच्या हर्ष राजाचे मंत्री. (कनौजचा हर्षवर्धन नव्हे, हा त्याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी झाला.) ११०१ साली हर्ष मारला गेला, घराण्याचं दरबारातलं वजन गेलं, आणि कल्हण स्वतः कुणाच्या पदरी राहिल्याचं दिसत नाही. गादीवर असलेल्या जयसिंहाबद्दल तो जरा जपून लिहितो. बाकी राजे, मंत्री, कारकून, पुरोहित, कुणाचीच गय नाही.

पहिल्या तीन तरंगांत गोनंदापासून बालादित्यापर्यंतचे पुराणकाळातले राजे, चौथ्यात कर्कोट घराणं, पाचव्यात अवंतिवर्मा, असं पुढे पुढे येत आठव्या तरंगात तो स्वतःच्या काळाला पोचतो. हा एकटा तरंग ग्रंथाचा निम्म्याच्या जवळपास भाग व्यापतो आणि त्यात जेमतेम ५० वर्षांचा काळ आहे. म्हणजे ‘राजतरंगिणी खरी का?’ या प्रश्नाला ‘कोणता तरंग?’ असं विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

कल्हणाची थोरवी सांगताना सगळे पहिल्या तरंगातला ‘श्लाघ्यः स एव गुणवान्’ हा श्लोक म्हणून दाखवतात. झालेलं सांगताना ज्याची वाणी न्यायाधीशासारखी राग-द्वेष टाकून बोलते, तोच वाखाणण्याजोगा, असा त्याचा भाव. छानच आहे, पण निःपक्षपातीपणाची ग्वाही कुणीही देतं. मला त्याच तरंगातले पन्नासाव्याच्या आसपासचे रुक्ष श्लोक जास्त आवडतात, कारण तिथे हा माणूस हिशेबाची वही उघडून दाखवतो.

भारतीय युद्ध द्वापारयुगाच्या अखेरीस झालं, अशी सर्वसाधारण समजूत. कल्हण म्हणतो, ती चुकीची आहे आणि तिच्यापायी आधीच्यांची कालगणना फसली. कौरव-पांडव झाले ते कलियुगाची ६५३ वर्षं उलटल्यावर. हा आकडा त्याच्या मनचा नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी २५२६ वर्षं दिलेला आहे. शक सुरू झाला तेव्हा कलीची ३१७९ वर्षं सरली होती. घरातल्या पंचांगावरूनही हे काढता येईल. ३१७९ मधून २५२६ गेले, उरले ६५३. आता युधिष्ठिरापासून कल्हणाच्या शके १०७० पर्यंत किती? २५२६ अधिक १०७०, म्हणजे ३५९६. कल्हण सांगतो, सुरुवातीच्या ५२ राजांची मिळून १२६६ वर्षं, आणि तिसऱ्या गोनंदापासून माझ्यापर्यंत २३३० वर्षं. बेरीज करून बघा. ३५९६. एका वर्षाचाही फरक नाही!

फळ्यावर हे मांडलं की वर्गात कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे उत्तर आधी आणि गणित मागून?’ अगदी तसंच. पहिला गोनंद पांडवांच्या काळातला, हे काश्मीरच्या नीलमतपुराणाने ठरवून दिलेलं. पांडव कधी झाले, हे ज्योतिषाने ठरवलेलं. दोन्ही टोकं पक्की झाली आणि मधली साडेतीन हजार वर्षं भरायला पुरतील इतके राजे कुणाच्याच यादीत नव्हते. मग जे होते ते लांबले. पहिल्या तरंगाच्या शेवटी बेरीज दिली आहे: तिसऱ्या गोनंदापासून २१ राजे, १०१४ वर्षं, ९ महिने, ९ दिवस. राजामागे ४८ वर्षं पडतात, आणि तीही ओळीने २१ जणांना. दिवसापर्यंतचा आकडा पाहिला की वाचणारा दबतो, हा अनुभव काही बाराव्या शतकापुरता नाही. एवढं करूनही जी तूट राहिली, ती तिसऱ्या तरंगात एकट्या रणादित्याच्या माथी आली. त्याची राणी रणारंभा हा देवीचा अवतार, त्याला मंत्र सिद्ध झालेला, आणि अखेरीस तो मरत नाही, एका गुहेतून पाताळात उतरतो. ताणलं ते कल्हणाने की त्याच्या आधीच्या यादीकाराने, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. ताण कुठे बसला आहे आणि का, ते आपल्याला दिसतं. लपवायचं असतं तर ही ३०० वर्षं दहा राजांत वाटून टाकणं काही अवघड नव्हतं.

तेव्हा पहिल्या तीन तरंगांवर मी सालासाठी विसंबत नाही. गावांसाठी मात्र विसंबते.

अशोकाचंच घ्या. कल्हणाच्या हिशेबाने अशोक तिसऱ्या गोनंदाच्याही आधी, म्हणजे ख्रिस्तपूर्व १२०० च्या पलीकडे जातो. जवळजवळ हजार वर्षांची चूक. हुष्क, जुष्क आणि कनिष्क हे तिघे कुषाण राजे त्याच्यानंतर, पण गोनंदाच्या आधीच. तिथे चूक आणखी मोठी. पण या तिघांनी वसवली म्हणून तो जी गावं सांगतो, ती आहेत. हुष्कपूर म्हणजे बारामुल्ल्याजवळचं उष्कूर. तिथे बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. कनिष्कपूर म्हणजे कानिसपोरा. हे राजे तुरुष्क (तुर्क) असूनही पुण्याचरणी होते आणि त्यांनी मठ-चैत्य बांधले, हेही तो नोंदवतो. उरलेल्या भारतातल्या ब्राह्मणी परंपरेने ज्या कुषाणांना जवळजवळ पुसून टाकलं होतं, त्यांची नावं बाराव्या शतकातल्या एका शैव ब्राह्मणाला ठाऊक आहेत. कशी? नाव गावाला, विहाराला, दानपत्राला चिकटून राहिलं म्हणून. मंदिरांच्या प्रतिष्ठेचे लेख, दानशासनं, प्रशस्तीचे शिलापट मी पाहिले, असं तो स्वतः सांगतो. या लेखांतून राजाचं नाव मिळायचं. काळ मिळेलच असं नाही.

मिहिरकुलाचं तसंच. हा हूण राजा सहाव्या शतकातला. ग्वाल्हेरला त्याच्या १५ व्या राज्यवर्षातला शिलालेख आहे. कल्हण त्याला सुमारे १२०० वर्षं मागे ढकलतो. गोष्ट अशी की पीरपंजाळ ओलांडताना एक हत्ती कड्यावरून कोसळला. त्याची किंकाळी राजाला इतकी गोड वाटली की त्याने आणखी शंभर हत्ती ढकलायला लावले. आता ही दंतकथाच म्हणायची. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवादक ऑरेल स्टाइन त्या जुन्या वाटेने गेला, तेव्हा ‘हस्तिवंज’ नावाची डोंगराची सोंड तिथे होती आणि गोष्टही लोकांच्या तोंडी होती. मिहिरकुलाने हत्ती ढकलले का, मला माहीत नाही. हूणांच्या क्रौर्याची आठवण काश्मिरात कुठल्या वाटेवर ठेवलेली होती, ते मात्र यातून नेमकं कळतं. श्रीनगरच्या विमानतळावर उतरलेल्या मंडळींनाही मी सांगते की तुम्ही दामोदराच्या पठारावर उतरलात. भुकेल्या ब्राह्मणांना ‘आंघोळीनंतर बघू’ म्हणाल्यामुळे शापाने साप झालेला दुसरा दामोदर राजा तो हाच.

आणि सगळ्यात मला आवडतं ते दुसऱ्या गोनंदाचं प्रकरण. महाभारताच्या युद्धात काश्मीरचा राजा कुठेच नाही. असं कसं? आसेतुहिमाचल सगळे आले आणि आपलाच राजा नाही? नीलमतपुराणात जनमेजय हाच प्रश्न विचारतो. उत्तर असं की राजा तेव्हा तान्हा होता, म्हणून कौरवांनीही बोलावलं नाही आणि पांडवांनीही नाही. यातून ख्रिस्तपूर्व काळातल्या काश्मीरबद्दल काही कळत नाही. पण महाभारतात आपलं नाव नसणं एखाद्या प्रदेशाला किती सलत असेल, ते कळतं.

चौथ्या तरंगापासून बाहेरचे साक्षीदार भेटायला लागतात. चीनच्या तांग दरबाराच्या नोंदींत काश्मीरच्या चंद्रापीडाचे वकील ७१३ साली आल्याचं आणि ७२० मध्ये त्याला राजा म्हणून मान्यता दिल्याचं आहे. कल्हणाच्या गणिताने चंद्रापीड तोवर केव्हाच वारलेला. फरक साधारण २५ वर्षांचा. तीन तरंगांत हजाराने चुकणारा माणूस इथे पंचवीसवर आला, हेही पाहा. कल्हणाचा ललितादित्य राजा कनौजच्या यशोवर्म्याला हरवतो, ते पटण्यासारखं आहे. तो यशोवर्मा खरा, आणि त्याच्या पदरच्या वाक्पतिराजाचं ‘गउडवहो’ तर महाराष्ट्री प्राकृतात आपल्यापर्यंत आलेलं आहे. पण मग ललितादित्य कावेरी, सातही कोकणं, द्वारका करत स्त्रीराज्य आणि उत्तरकुरूंपर्यंत जातो, तिथे कवीने इतिहासकाराला बाजूला सारलं म्हणायचं. सात कोकणांचा आनंद मानावा, पुरावा मानू नये.

नवव्या शतकापासून काश्मिरात चालणाऱ्या लौकिक संवताची सालं येऊ लागतात आणि जमीन पायाला लागते. अवंतिवर्म्याच्या काळातल्या सुय्याने वितस्तेच्या (झेलमच्या) पात्रात नाण्यांची भांडी ओतली. दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी नाण्यांसाठी पात्रातले धोंडे उपसून काढले आणि तुंबलेली नदी वाहती झाली. चमत्कारिक वाटतं खरं. पण लगेच पुढे भाव येतो: खारीभर (खारी हे धान्याचं माप) भात आधी २०० दिन्नार नाण्यांना मिळायचा, तो ३६ वर आला. पुराणात तांदळाचा भाव नसतो. सुय्याच्या नावाचं सुय्यापूर म्हणजे सध्याचं सोपोर.

सातव्या तरंगातला हर्ष तर आपल्या अंगणापर्यंत येतो. दक्षिणी चालीरीतींचं याला फार वेड. कर्नाट धर्तीचं नाणं त्याने पाडलं, असं कल्हण लिहितो, आणि हर्षाची हत्तीची छाप असलेली दक्षिणी वळणाची नाणी खरोखरच सापडली आहेत. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याची राणी चंदला हिचं चित्र पाहून हा तिच्या प्रेमात पडला आणि भर दरबारात तिला जिंकून आणायची शपथ घेऊन बसला. त्याचा सेनापती मदन त्या चित्राचा राखणदार झाला आणि चित्रातल्या बाईच्या लुगड्या-दागिन्यांसाठी राजाकडून पैसे उकळू लागला. ही चंदला म्हणजे बिल्हणाच्या काव्यातली चंद्रलेखा, कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी. बिल्हणाने तिचं स्वयंवर कऱ्हाडातच रंगवलं आहे, आणि बिल्हण स्वतः काश्मीर सोडून कल्याणीला आलेला. ज्या राजाच्या पदरी वडील होते, त्याचं हे हसं कल्हणाने काहीही न झाकता लिहिलं. त्याच हर्षाने देवळांतल्या मूर्ती उखडायला ‘देवोत्पाटननायक’ नावाचा अधिकारी नेमल्याचंही त्यानेच लिहिलं.

‘कुठून वाचायला घेऊ?’ असं विचारलंत तर मी सातवा तरंग सांगते. मग आठवा, आणि पहिले तीन शेवटी.

आता त्या ५२ राजांकडे येते, कारण देव्हाऱ्यावाल्यांचा खरा प्रश्न तोच असतो. मी ११ जुने ग्रंथ आणि नीलमत पाहिलं, असं कल्हण सांगतो. क्षेमेंद्र कवीच्या नृपावली या राजांच्या यादीबद्दल म्हणतो की काव्य चांगलं, पण निष्काळजीपणामुळे एकही भाग निर्दोष नाही. ५२ हरवलेल्या राजांपैकी चार त्याला नीलमतात मिळाले, आठ हेलाराजाच्या यादीवरून पद्ममिहिराने दिलेले, पाच छविल्लाकराकडचे. झाले १७. उरलेल्या ३५ जणांबद्दल तो एका श्लोकात सांगून टाकतो की परंपरा तुटली, नावं आणि कृत्यं नष्ट झाली, ते विस्मृतीच्या सागरात बुडाले. भरायला १२६६ वर्षं समोर पडलेली, हाताशी कवीची प्रतिभा, तपासणारं कुणी नाही. तरी त्याने ३५ नावं रचली नाहीत.

ती नंतर आली. एकोणिसाव्या शतकात पीर गुलाम हसन या काश्मिरी इतिहासकाराने फारसीत तवारीख लिहिली. एका ‘रत्नाकर पुराणा’च्या मुल्ला अहमदने केलेल्या जुन्या फारसी भाषांतरातून हे राजे आपल्याला मिळाले, असं त्याचं म्हणणं. ते पुराण कुणाच्या हाती नाही, भाषांतरही नाही. हल्ली मोबाइलवर जी ‘काश्मीरच्या राजांची संपूर्ण यादी’ फिरते, तिच्यात ही नावं सर्रास दिसतात, पुढे राज्यवर्षांसकट आणि वर कल्हणाचं नाव घालून. मला पाठवणाऱ्यांना मी एवढंच कळवते की पहिल्या तरंगाचा ८३ वा श्लोक बघा.