ते चित्र मी वर्गात का दाखवते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, दाखवते. दरवर्षी दाखवते.

प्रश्न कुठला, ते आधी. उजळणी वर्गांना नव्याने लागलेले राज्यशास्त्राचे प्राध्यापक येतात. त्यांच्यातलं कुणीतरी चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारतं, "मॅडम, बाबासाहेबांचं ते गोगलगायीचं व्यंगचित्र तुम्ही अजून वर्गात दाखवता? काही होत नाही?" माझं आडनाव ऐकलेलं असतं, त्यामुळे मी सवर्ण घरातली आहे हेही विचारणाऱ्याला ठाऊक असतं. प्रश्नात तोही भाग असतो आणि तो असायलाच हवा. म्हणून होकार देऊन मी थांबत नाही.

ज्यांना प्रकरण आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट १९४९ मध्ये, म्हणजे संविधान सभेचं काम शेवटाकडे आलं असताना, व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी एक चित्र काढलं. गोगलगायीवर 'संविधान' असं लिहिलेलं. तिच्यावर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात उगारलेला चाबूक. भोवती लोक बघताहेत. २००६ साली एनसीईआरटी या केंद्र सरकारच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते छापलं गेलं आणि सोबत मुलांना प्रश्न विचारला होता की संविधानाला जवळपास तीन वर्षं लागली, चित्रकार त्यावरच बोलतोय का, आणि एवढा वेळ का लागला असेल? ११ मे २०१२ रोजी संसदेत गदारोळ झाला. मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली आणि चित्र काढून टाकण्याचं जाहीर केलं. पुस्तकाचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीत काही कार्यकर्ते घुसले, मोडतोड करून गेले. पुढे सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. तिने पाठ्यपुस्तकांतली आणखीही चित्रं गाळायला सांगितली, समितीतल्याच एम. एस. एस. पांडियन यांनी त्या अहवालाला लेखी असहमती जोडली.

आता माझं मत. ते चित्र अन्यायकारक आहे. बाबासाहेब महापुरुष आहेत म्हणून हे म्हणत नाही. महापुरुषांचीही व्यंगचित्रं निघावीत. अन्यायकारक अशासाठी की चित्रातला आरोप खरा नाही आणि तो खरा नसल्याचं तेव्हाही कळण्यासारखं होतं. तरीही ते वर्गात असायला हवं या मतावर मी ठाम आहे. मला हे दोन्ही एकाच वेळी म्हणायचं आहे. एकच ऐकून लोक माझी बाजू ठरवतात, त्याचा त्रास होतो.

वर्गात मी चित्रापासून सुरुवात करत नाही. आधी २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचायला देते. त्यात बाबासाहेब उशिराच्या आरोपाला स्वतः उत्तर देतात. अमेरिकेचं संविधान चार महिन्यांच्या आत तयार झालं, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला एक. आपल्याला दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. मग ते पुढचा हिशोब मांडतात: अमेरिकेची कलमं सात, आपली ३९५. आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मुलं फळ्यावर हे आकडे लिहितात आणि मग मी चित्र लावते.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गोगलगायीवर एकटेच का बसलेत? मसुदा समितीत सात जण होते ना?"

या प्रश्नाचं उत्तर संविधान सभेच्या कामकाजातच आहे. चित्राच्या नऊ-दहा महिने आधी, ५ नोव्हेंबर १९४८ रोजी, सभेचे एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी सभागृहात उभे राहून सांगतात की सातांपैकी एकाने राजीनामा दिला, त्याच्या जागी दुसरा आला. एक वारले, ती जागा भरली गेली नाही. एक अमेरिकेत होते. एक संस्थानाच्या कारभारात गुंतलेले. एकदोघे दिल्लीपासून लांब, कदाचित तब्येतीमुळे येऊ शकत नव्हते. शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला आणि त्यांनी तो वाहिला, याबद्दल आपण कृतज्ञ असलं पाहिजे. हे भर सभागृहात बोललं गेलेलं, नोंदलेलं आहे. हे वाचून पुन्हा चित्राकडे पाहिलं की एकटा माणूस, त्याच्या खालची गोगलगाय आणि पाठीमागचा चाबूक वेगळे दिसू लागतात. मी कितीही भाषण केलं असतं तरी वर्गाला इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

पाठ्यपुस्तकाने चित्र छापलं ते योग्य केलं. कमी पडलं ते असं की चित्राला फक्त वेगाचा प्रश्न विचारला. चाबूक या वस्तूचा या देशात कुणाच्या पाठीशी काय संबंध होता, हे विचारलं नाही. नेहरूंनी शंकर यांना 'माझीही गय करू नका' असं म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. नेहरूंना तसं म्हणता येत होतं, कारण त्यांच्यावरचं हसू त्यांच्या एकट्यापाशी थांबत होतं. बाबासाहेबांवरचं हसू वस्तीपर्यंत जातं. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी भिंतीवर एकच तसबीर असते, त्याच माणसाचं हे चित्र असतं. तिला ते बघताना जे वाटतं त्याला 'फार हळवी झालीत हल्लीची मुलं' असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी मी वाद घालते. त्या मुलीने आयुष्यभर ऐकलेल्या टोमण्यांपैकी एकही त्या सहकाऱ्यांनी ऐकलेला नसतो.

पण मग दुखावणं हीच कसोटी धरावी का? इथे मला सिडनहॅम कॉलेज आठवतं. १९१८ साली बाबासाहेब तिथे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना त्यांचं शिकवणं आवडायचं. काही सहकारी प्राध्यापकांनी मात्र आक्षेप घेतला की यांनी आमच्या माठातलं पाणी पिऊ नये. त्या प्राध्यापकांच्याही भावना दुखावल्याच होत्या, आणि अगदी मनापासून. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तेव्हाही दुखावल्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, आणि भाषणातला मजकूर आपल्या लोकांना सोसणार नाही म्हणून अधिवेशनच रद्द केलं. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं कळवून बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. भावना दुखावतात म्हणून मजकूर काढायचा हा नियम एकदा मान्य केला, तर पहिल्यांदा बाबासाहेबच काढावे लागतात.

आणि हा नियम लावायचा प्रयत्न झालेला आहे. फार लांब नाही, इथेच महाराष्ट्रात. राज्य शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टाला शिवसेनेने विरोध केला, शासन डगमगलं. मग १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत दलित संघटनांचा प्रचंड मोर्चा निघाला, मजकूर ठेवा या मागणीसाठी. तो राहिला. खाली एक टीप आली, की या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही. मला ती टीप आवडत नाही, शासनाचं सहमत असणं-नसणं कुणी विचारलं नव्हतं. पण मजकूर राहिला आणि आजही कुणीही उघडून वाचू शकतं. ज्या चळवळीने ते परिशिष्ट वाचवलं, तिच्याच नावाने २०१२ मध्ये एका प्राध्यापकाची खोली फोडली गेली, याचं मला तेव्हा दुःख झालं होतं आणि अजून होतं.

चळवळीतून याला एक उत्तरही आलं, ते मला विद्यापीठाला साजेसं वाटतं. उन्नमती श्याम सुंदर हे दलित संशोधक, स्वतः व्यंगचित्रकार. त्यांनी १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रं शोधून काढली आणि प्रत्येकाला टिपण जोडून २०१९ मध्ये पुस्तक केलं. एक चित्र समोर असलं की चित्रकाराचा त्या दिवशीचा मूड, असं म्हणून सुटता येतं. शंभर चित्रं ओळीने समोर आली की तसं सुटता येत नाही. नामवंत चित्रकारांची नजर किती कोती होती हे त्या ढिगातूनच सिद्ध होतं. एखाद्या विद्यापीठाने ही चित्रं आधीच गाळून टाकली असती तर हा पुरावाही गेला असता, आणि मग कुणीतरी म्हटलं असतं, छे, बाबासाहेबांची अशी टिंगल कधी झालीच नाही.

इथे हमखास पुढचा प्रश्न येतो: मग अमेरिकेत विद्यापीठं इमारतींची नावं बदलतात, पुतळे हलवतात, त्याचं काय? मला त्यात विसंगती दिसत नाही. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसं लुइझियानात विकली, त्या पैशातून आजच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फिटलं. विक्री करणाऱ्या थॉमस मलेडी यांचं नाव एका इमारतीवर होतं. २०१५ मध्ये ते उतरवलं गेलं. २०१७ मध्ये त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं, विक्रीच्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. त्याच वेळी विक्रीची कागदपत्रं, याद्या, पत्रं सगळ्यांसाठी खुली केली गेली. वंशज शोधले गेले, त्यांची माफी मागितली गेली. दारावरचा मान काढून घेतला आणि कागद मात्र बाहेर आणला. पाठ्यपुस्तकातलं चित्र हा कागद आहे, तो मान नव्हे. आपण नेमकं उलटं करतो. कागद पुसतो, आणि माठाची गोष्ट ज्या स्टाफरूममध्ये घडली तसल्या स्टाफरूमांचा इतिहास मात्र कुठल्याच महाविद्यालयाच्या शताब्दी स्मरणिकेत येत नाही.

तरुण प्राध्यापकांची खरी अडचण तत्त्वाची नसते, ती उद्या सकाळच्या तासाची असते. म्हणून थोडं कामाचं सांगते. चित्र दाखवल्यावर वर्गातल्या दलित मुलांकडे बघू नका. 'तुला काय वाटतं' असं त्यांना पहिल्यांदा तर मुळीच विचारू नका. आपल्या महाविद्यालयांत कोण कुठल्या कॅटेगरीतलं हे सगळ्यांना माहीत असतं, शिष्यवृत्तीच्या याद्या नोटीस बोर्डावर लागलेल्या असतात. अशा मुलाला सगळ्या समाजाच्या वतीने साक्ष द्यायला उभं करणं हा चित्रापेक्षा मोठा अपमान आहे. उलट ओपनमधल्या मुलांना विचारा की तुम्हाला यात हसू का आलं, किंवा का आलं नाही. तास पुरत नाही, दोन ठेवा. कुणाला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्या, हजेरी कापू नका. आणि वाचायला दिलेलं भाषण सगळ्यांनी वाचलंय याची खात्री झाल्याशिवाय प्रोजेक्टर लावू नका. तयारी न करता हे चित्र दाखवायचं असेल तर खरंच दाखवू नका.

जमाव आला तर? तो विद्यार्थ्यांच्या अस्वस्थतेपेक्षा वेगळा विषय आहे आणि संस्था मुद्दाम त्यांची गल्लत करतात. अस्वस्थ विद्यार्थ्याला विद्यापीठाने वेळ द्यायचा असतो, फोडाफोड करायला आलेल्याविरुद्ध फिर्याद द्यायची असते. आपल्याकडे विद्यार्थ्याला कुणी विचारत नाही आणि जमावापुढे मान तुकवतात. २००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. २०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाने ए. के. रामानुजन यांचा रामायणांवरचा निबंध वगळला, चारपैकी तीन तज्ज्ञ तो ठेवा म्हणत असताना. दरवेळी जमाव वेगळा, झेंडा वेगळा. कुलगुरूंच्या केबिनमधली घाई मात्र तीच. त्या निर्णयांमध्ये वर्गातल्या एकाही मुलाचं म्हणणं कुठे नोंदलेलं नाही.

अभ्यास मंडळात हा विषय पुन्हा निघाला तर मी काय मागणार, तेही सांगते. चित्र परत यावं, पण त्याच पानावर कृष्णम्माचारींचं निवेदन आणि २५ नोव्हेंबरच्या भाषणातला तो भाग छापून यावा. ते पान कोण लिहिणार हे ठरवताना मंडळावर दलित अभ्यासक निम्मे तरी असावेत, आणि नंतर 'दाखवून घ्या' म्हणून बोलावलेले नकोत, पहिल्या बैठकीपासून बसलेले हवेत. आणि संविधानाच्या निर्मितीवरच्या त्या प्रकरणात सिडनहॅमच्या माठाला एक परिच्छेद मिळावा. हा माठाचा मुद्दा मी एकदा मांडून पाहिलाय. 'विषयाशी थेट संबंध नाही' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो मी पुन्हा टाकला आहे.