एमजीए १५००: पुढचे डिस्क आणि ऑइलची परतीची वाट

मंडळी, अखेर ब्रेक सुटले. लागत होते पहिल्यापासून झकास. पण माझी एमजीए, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, जरा तापली की पुढची दोन्ही चाकं धरून बसायची, आणि या एका दुखण्यात सगळा उन्हाळा गेला. काल रात्री मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो) झाकण काढलं, आत टॉर्च मारला, पुतण्यानं विचारलं, "काका, दाबू?" त्यानं पेडल हातानं अगदी हलकंच दाबलं आणि ब्रेकच्या बाजूच्या छिद्रातून ऑइलचं इवलंसं कारंजं उडालं. मी त्याला पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा उडालं. मग आम्ही दोघं बराच वेळ तेच बघत बसलो.

ज्यांनी सुरुवातीपासून वाचलंय त्यांना माहीत आहे, की गाडी १९५७ ची आहे, मुळात चारही चाकांना १० इंची ड्रम. इंजिन १४८९ सीसी बी सिरीजचं, म्हणजे अँबेसेडरच्या घराण्यातलंच, त्यामुळे इंजिनच्या बाबतीत इंदूरच्या सियागंज बाजारानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. ब्रेकचं तसं नाही. जाम गेटहून निमाडात उतरताना ड्रम तापले आणि पेडल खाली खाली जायला लागलं, तेव्हाच डिस्कचं ठरवलं होतं. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो. डिस्क तापली तर जाड होऊन पॅडकडेच येते. १९५९ साली एमजीनं स्वतःच १६०० ला पुढे ११ इंची लॉकहीड डिस्क दिले. म्हणून मी १६०० चाच सेट घेतला: स्विव्हल, हब, डिस्क, कॅलिपर, सगळं एका ब्रिटिश भंगारवाल्याकडून. माणूस सचोटीचा. प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पाठवला आणि एका कॅलिपरच्या पिस्टनवर गंज आहे हे आधीच सांगून त्याचे पैसे कमी केले. बसवणं सरळ होतं, ते मागेच लिहून झालंय.

आता दुखण्याकडे. इंदूरहून राऊच्या दिशेनं निघालं की पहिले काही किलोमीटर गाडी मस्त. मग पेडल वर वर यायला लागतं, त्यातला खेळ संपतो, ते दगडासारखं घट्ट होतं आणि न्यूट्रलला गाडी घरंगळायचं नाव घेत नाही. ब्रेकला फारसा पाय न लावता डिस्क दोनशे अंशांच्या घरात (हे इन्फ्रारेड गनवरचं माप). झाडाखाली उभी करून चहा होईपर्यंत चाकं पुन्हा मोकळी. दोन्ही बाजू सारख्याच तापायच्या, आणि हा पहिला धागा. एक कॅलिपर अडकला असता तर एकच चाक तापलं असतं. दोन्ही चाकं एकाच वेळी धरतात म्हणजे भानगड दोघांच्या सामायिक वाटेवर आहे.

अशा वेळी पहिला संशय चेक व्हॉल्व्हवर जातो. ड्रमच्या गाडीत तो लाईनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरचे रबरी कप सैल पडून हवा ओढत नाहीत. ड्रमला शू मागे खेचणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, त्यांना एवढ्या दाबाचं काही वाटत नाही. कॅलिपरला स्प्रिंग नसते. तिथे पिस्टनभोवतीचं रबरी सील पीळ सोडतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं, बस. थोडाही दाब शिल्लक राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. पण तो व्हॉल्व्ह मी डिस्क बसवतानाच काढला होता, त्यामुळे तो संशय निकालात.

मग आमच्या मेकॅनिक उस्तादांना बोलावलं. त्यांची पद्धत लिहून ठेवतो, कारण ती कुठल्याही गाडीला लागू पडते. गाडी मुद्दाम तापवून आणायची, चाकं धरलेल्या अवस्थेतच पुढून जॅकवर घेऊन घोड्या लावायच्या. एका कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) जरासा ढिला करायचा. ऑइल चिळकांडी मारून बाहेर आलं आणि चाक हातानं फिरायला लागलं, तर दोष यांत्रिक नाही, दाब कोंडलाय. आमच्याकडे तसंच झालं. पुन्हा तापवून आणली. या वेळी निपलला हात न लावता थेट मास्टर सिलिंडरजवळचा पाईपचा नट ढिला केला. तिथूनही चिळकांडी आणि दोन्ही चाकं एका क्षणात मोकळी. म्हणजे होज पाईपही निर्दोष. होज आतून सुजून बंद झाला असता तर वर नट ढिला करून खालचा दाब उतरला नसता. उस्तादांनी हात पुसले आणि म्हणाले, "भिया, तेल जा रिया है, वापस नी आ रिया."

पेडल आणि पुशरॉडमधला (पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यातला) खेळ तपासला. होता, हवा तेवढा होता. तो नसता तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि हेच लक्षण दिसतं, म्हणून ते आधी बघावंच.

एमजीएचा मास्टर सिलिंडर ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, ब्रेक आणि क्लच असे दोन बोअर (पिस्टनची भोकं) शेजारी शेजारी, वर दोघांची एकच टाकी. या जुळ्या रचनेनंच मला वाचवलं. झाकण उघडून क्लच दाबला, कारंजं. ब्रेक दाबला, टाकीतलं ऑइल ढिम्म. पुन्हा क्लच, कारंजं. पुन्हा ब्रेक, काही नाही.

पेडल सोडलेलं असताना मुख्य कपच्या किंचित पुढे टाकीत उघडणारं एक बारीक छिद्र असतं. लाईनमधलं ऑइल तापून वाढलं की त्याच वाटेनं टाकीत परततं. पेडल दाबलं की कप त्या छिद्रावरून पुढे सरकतो, वाट बंद होते आणि दाब तयार होतो. बंद होण्याआधी जे थोडं ऑइल वर ढकललं जातं तेच ते कारंजं. ते दिसत नाही याचा अर्थ कप आधीपासूनच छिद्र झाकून बसलाय. मग ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, पॅड दाबले जातात, त्यानं आणखी तापतं, असं ते चक्र. आणि ब्लीडिंग, म्हणजे लाईनमधली हवा काढणं, इतकं सुरेख का झालं होतं तेही कळलं. पिस्टन मागे येताना ऑइल मागच्या मोठ्या छिद्रातून येऊन कपच्या कडेवरून पुढे सरकतं, त्यामुळे भरण्याला काहीच अडचण नव्हती. वाट एकेरी झाली होती.

सिलिंडर उतरवला. दोन्ही बोअरला गेल्या वर्षी पितळी स्लीव्ह (आतून बसवायची नळी) घालून घेतली होती, कुणाकडून ते लिहीत नाही. टोक वाकवलेल्या बारीक तारेनं बोअरच्या मागच्या तोंडापासून छिद्रापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. ब्रेकच्या स्लीव्हचं छिद्र क्लचच्या मानानं पेडलच्या बाजूला सव्वा मिलिमीटर सरकलेलं. स्लीव्हला आधी भोक पाडून मग ती ठोकली होती, आणि ती पूर्ण आत गेलीच नव्हती. टॉर्चखाली टाकीतून बघितलं तर बिडाचं छिद्र आणि पितळेचं छिद्र ग्रहणासारखी एकमेकांवर अर्धवट आलेली. सव्वा मिलिमीटर! एवढ्यासाठी मी कॅलिपर खोलले, हब बेअरिंग पुन्हा सेट केलं, नवे होज मागवले.

नवा सिलिंडर विलायतेहून मागवायचा असं जवळपास ठरलं होतं. पण मूळ बीड अजून ठणठणीत आहे आणि ते टाकून द्यायला मन तयार होईना. पीथमपूरच्या एका टूलरूममध्ये ओळख निघाली. त्यांना एवढंच सांगितलं, की स्लीव्ह कोरी बसवा, भोक नंतर. जुनी काढली, नवी शेवटपर्यंत बसली याची खात्री केली, आणि मग टाकीतून, बिडाच्या मूळ छिद्रातूनच ०.७ मिलिमीटरची ड्रिल पिन व्हाइसमध्ये धरून हातानं फिरवली. दोन छिद्रांचं एकच झालं. आतली धार बारीक होननं (घासायच्या हत्यारानं) मारली, नाहीतर कपचं रबर पहिल्याच आठवड्यात सोलवटतं. त्या मुलानं भिंगातून बघत बघत जे काम केलं त्याला तोड नाही.

स्लीव्ह केलेला सिलिंडर घेणाऱ्यांनी गाडीत चढवण्याआधी हे करा: पिस्टन, सील, सर्क्लिप सगळं भरून, ऑइल न घालता, बाहेर जाणाऱ्या तोंडाला स्वच्छ नळी लावून सिरिंजनं हवा द्या. हवा सहज टाकीत यायला हवी. पिस्टन दोन मिलिमीटर ढकला, हवा थांबायला हवी. एका मिनिटाचं काम.

काल रात्रीच्या कारंज्यानंतर आज सकाळी महूपर्यंत जाऊन आलो. पेडल शेवटपर्यंत जागच्या जागी, गाडी न्यूट्रलला घरंगळते, डिस्कला हात लावता येत नाही पण पॅडचा वास नाही, आणि जॅकवर घेतल्यावर गरम चाक दोन बोटांनी फिरलं. फार सुख झालं. परत येताना होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यावरून आलो. तिथल्या महाराजा यशवंतराव होळकरांच्या १९३५ च्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकी गाडीची आठवण होतेच. त्याच ड्यूसेनबर्ग मंडळींनी १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक लावून जिंकली होती. या शहराचं आणि चांगल्या ब्रेकचं जुनं नातं आहे असं मी मानतो.

ऑइलबद्दल बरेच जण विचारतात. मी डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलवर ठाम आहे. कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल धरल्यावर १५५. आपल्याकडचा पावसाळा बघता दर दोन वर्षांनी बदलायचं. सिलिकॉनवालं डॉट ५ रंगाला खात नाही हे खरं, पण त्यात हवा अडकते आणि पेडल मऊ लागतं, ते मला नको. पाईप तांबं-निकेलचे केलेत. वाकवायला सोपे, गंजत नाहीत, फ्लेअर स्वच्छ येतो. आणि मागचे जुने शू काढताना ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा.

एक गोष्ट राहिली आहे. पेडल ड्रमच्या वेळेपेक्षा जड आहे. पुढच्या ड्रममधले ट्विन लीडिंग शू चाकाच्या फिरण्यानं स्वतःच स्वतःला ओढून घेतात, डिस्कमध्ये ती मदत नाही. म्हणून सर्व्हो (पेडलचा जोर वाढवणारं यंत्र) लावायचा विचार होता, बॅटरीजवळ जागाही हेरली होती. पण हे लिहिताना वाटतंय, की आधी पॅड बदलावेत. सध्याचे फार कडक आहेत, थंड असताना पकडतच नाहीत. शहरातल्या आणि घाटातल्या चालीला मऊ मिश्रणाचे पुरतील. सर्व्हो म्हणजे आणखी सील, आणखी जोड, आणि परतीच्या वाटेत आणखी एक अडथळ्याची जागा. नकोच. पॅडचे पैसे आजच पाठवतो. क्लचच्या बोअरलाही त्याच जुन्या कामाची स्लीव्ह आहे, ती आज चालतेय, पण पावसाळ्यात गाडी उभी राहील तेव्हा तीही पीथमपूरलाच बदलून घेणार.

खरी परीक्षा जाम घाटाचीच. पाऊस लागण्याआधी, येत्या रविवारी सकाळी सहाला राऊ सर्कलहून निघतो. महू, जाम गेट, खाली मंडलेश्वरपर्यंत. थर्मामीटर गन बरोबर आहे, उतारावर थांबून चारही चाकांची मापं घेणार. कुणाची ड्रमवाली गाडी सोबत आली तर दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.